ओठ शिवला, बाकीचे मूल पाहिले का?

आमच्याकडे फाटक्या ओठाचे मूल जन्मले की पहिला आरोप ग्रहणावर येतो आणि दुसरा सुनेवर. "ग्रहणात हिने विळीवर भाजी चिरली असणार," हे सासूबाईंचे निदान डॉक्टर येण्याच्या आधीच तयार असते. सून बिचारी आठवून आठवून थकते. नऊ महिन्यांत एखादे ग्रहण कुठे ना कुठे असतेच आणि विळी तर घरात रोजचीच. तेव्हा गुन्हा शाबीत व्हायला वेळ लागत नाही.

ही समजूत आपल्याच मालकीची आहे असे मात्र समजू नका. तिकडे मेक्सिकोतही ग्रहणात चंद्राचा लचका तुटतो तसा गर्भाच्या ओठाचाही तुटतो, असे पूर्वापार मानीत आले आहेत. त्यावर तोडगा म्हणून तिथल्या गरोदर बायका पोटाशी काचेसारख्या काळ्या दगडाची सुरी बांधीत. पुढे सुरीच्या जागी लोखंडी किल्ली किंवा सेफ्टी पिन आली. म्हणजे आपल्याकडे सुरी वर्ज्य आणि त्यांच्याकडे सुरीच तारक! दोन्हीकडे ओठ फाटलेली मुले जन्मतच राहिली, हे सांगायला नकोच.

गेली पस्तीस वर्षे मी एका तालुक्याच्या गावी मुलांचा डॉक्टर म्हणून काम करीत आहे. ह्या काळात फाटलेला ओठ किंवा फाटलेली टाळू घेऊन आलेली पुष्कळ मुले माझ्या हातांखालून गेली. त्या मुलांनी मला जे शिकवले ते एका वाक्यात सांगता येईल: ओठ सगळ्यांना दिसतो, आणि म्हणूनच बाकीचे मूल कोणाला दिसत नाही. ह्या न दिसणाऱ्या बाकीच्या मुलाविषयी आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

ग्रहण नव्हे, आठवडे

ग्रहणाचा हिशेब आधी मिटवून टाकू. ग्रहण साऱ्या मुलखाला एकाच दिवशी लागते. त्याने ओठ फाटत असते तर त्या दिवशी गरोदर असलेल्या लाखो बायकांच्या पोटी अशी मुले एकदम जन्मली असती. तशी लाट कधी येत नाही. जगभर पाहिले तर साधारण सातशे जन्मांमागे एक, अशा संथ हिशेबाने ही मुले बारा महिने जन्मत असतात. ज्या मुलखात विळी नाही तिथेही आणि ज्या वर्षी ग्रहण दिसले नाही त्या वर्षीही.

आता खरा हिशेब पाहा. गर्भाचा चेहरा काही एका साच्यातून ओतून निघत नाही. डावीकडून, उजवीकडून आणि कपाळाच्या बाजूने मांसाचे छोटे छोटे उंचवटे पुढे येतात, एकमेकांना भिडतात आणि सांधले जातात. वरचा ओठ अशा रीतीने गर्भाच्या सातव्या आठवड्यापर्यंत पुरा होतो. टाळूचे काम त्यानंतरचे. तिचे दोन तुकडे आधी जिभेच्या दोन्ही बाजूंना उभे लोंबत असतात. जीभ खाली सरकली की ते आडवे होतात आणि बाराव्या आठवड्याच्या सुमारास पुढून मागे असे पुरते जुळतात. पिशवीची चेन लावावी तसे. चेन मध्येच अडली की फट राहते.

सातवा आठवडा म्हणजे काय? कित्येक बायकांना तोवर दिवस राहिल्याची नीट खात्रीही झालेली नसते. मग सहाव्या महिन्यातल्या ग्रहणाने ओठ फाटणार कसा? तो त्याआधी चार महिने जुळलेला असतो, नाही तर फाटलेला असतो.

परंतु ह्या हिशेबातला पुढचा आकडा महत्त्वाचा आहे. तिसऱ्यापासून आठव्या आठवड्यापर्यंत गर्भाचे हृदय घडत असते. डोळे, कान, हातापायांची बोटे, तीही थोड्याफार फरकाने ह्याच आठवड्यांत. एकाच मांडवाखाली चार आचारी एकाच वेळी स्वयंपाक करीत असावेत तसे हे आहे. ज्या कारणाने एकाचा हात अडखळला, त्याच कारणाने दुसऱ्याचाही अडखळला असेल काय, हे पाहावयास नको का?

लगेच घाबरून जाऊ नका. ओठ फाटलेल्या मुलांपैकी, मग टाळू फाटलेली असो वा नसो, १०० मध्ये सुमारे ७० मुलांना दुसरे काहीही नसते. ती इतर मुलांसारखीच निरोगी आणि हुशार असतात. उरलेल्या ३० मुलांत मात्र आणखी काहीतरी असते. कधी किरकोळ, तर कधी जिवावरचे. आणि केवळ टाळू फाटलेली, ओठ साबूत, अशा मुलांत तर हा हिशेब जवळजवळ निम्म्यानिम्म्यावर येतो. म्हणजे जो दोष सारे गाव पाहते त्याच्यापेक्षा जो कोणालाच दिसत नाही, त्याच्याच सोबत अधिक.

दोन टाळू

इथे आपल्या भाषेनेही एक घोटाळा करून ठेवला आहे. मराठीत डोक्यावर तेल भरतात तीही टाळू आणि तोंडातले छत तेही टाळू. "बाळाची टाळू फाटली आहे," असे मी एका आजीबाईंना सांगितले, तेव्हा त्यांनी घाबरून बाळाच्या डोक्यावरचे कुंचडे काढून पाहिले आणि म्हणाल्या, "चांगली भरलीया की डाक्टर! रोज तेल घालतोय." तेव्हापासून मी प्रत्येक वेळी बाळाचे तोंड उघडून, बॅटरीचा उजेड पाडून, बोट ठेवून दाखवतो.

ही सवय सर्वांनी लावून घेण्यासारखी आहे. जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या तोंडात उजेड पाडून शेवटपर्यंत, म्हणजे पडजिभेपर्यंत, पाहिले पाहिजे. ओठ चांगला आहे म्हणून टाळू चांगली असेलच असे नाही. टाळू फाटलेल्या मुलाला दूध ओढता येत नाही, कारण तोंडात पोकळी धरून ठेवायला छतच नसते. दूध नाकातून बाहेर येते. "आईला दूध नाही" किंवा "पोर हट्टी आहे" असे म्हणत घरात चार दिवस जातात आणि मूल सुकून जाते. अशा वेळी आपल्या आज्यापणज्यांचे बोंडले कामाला येते. आईचे दूध काढून, मुलाला उभट धरून, बोंडल्याने किंवा वाटीचमच्याने सावकाश पाजले तर ही मुले उत्तम वाढतात.

आणि नीट पाजूनही वजन वाढले नाही, तर? तर ओठाला दोष देणे थांबवावे आणि छातीकडे पाहावे.

आधी छाती, मग ओठ

ऊसतोडीच्या टोळीतले एक जोडपे तीन महिन्यांच्या मुलाला घेऊन आले होते. वरचा ओठ डाव्या बाजूने फाटलेला. ही फट डावीकडेच अधिक आढळते. बापाला कोणीतरी शिबिराची तारीख सांगितली होती आणि त्याला फक्त माझी चिठ्ठी हवी होती. "साहेब, तेवढा वठ शिवून द्या. लोक बगत्यात."

मूल रडले तेव्हा मी त्याच्या ओठाकडे नव्हे, ओठाच्या रंगाकडे पाहिले. जांभळाच्या डागासारखा रंग चढला होता. दूध पिताना मध्येच थांबून धापा टाकते का, असे विचारल्यावर आई म्हणाली, "व्हय, दमतंय. पर वठामुळं दमत असंल." छातीला नळी लावली, आवाज होता. हृदयाची सोनोग्राफी केली तेव्हा त्यात एकत्र असलेले चार दोष दिसले. मार्सेयचे डॉक्टर फॅलो ह्यांनी १८८८ साली हे चार दोष एकत्र मांडले, म्हणून ह्या व्याधीला त्यांचे नाव आहे.

मी चिठ्ठी दिली नाही. बाप चिडला आणि त्याचे चिडणे मला समजत होते. हंगाम संपला की टोळी उठणार. शिबिराची तारीख निघून जाणार. गावाकडे गेल्यावर भावकी पुन्हा तोंडाकडे पाहणार. परंतु अशा मुलाला हृदयाचा पत्ता नसताना भूल देणे म्हणजे वरच्या मजल्याची खिडकी दुरुस्त करायला पाया खचलेल्या घरात शिडी लावणे. आधी हृदयाची शस्त्रक्रिया झाली. ओठ शिवायला मूल दीड वर्षाचे झाले. आज तो मुलगा सायकलवरून शाळेत जातो आणि ओठावरचा वण त्याला मिशी आल्यावर दिसणारही नाही.

ओठाच्या शस्त्रक्रियेसाठी शल्यविशारदांचा एक जुना ठोकताळा आहे: वय १० आठवडे, वजन १० पौंड, रक्तातले हिमोग्लोबिन १०. ठोकताळा चांगलाच आहे. परंतु हे तीन दहा मोजण्याआधी हृदयाचे ठोके ऐकले पाहिजेत. ओठ काही पळून जात नाही. सहा महिन्यांनी शिवला तरी तो चांगलाच शिवला जातो.

हनुवटी, जीभ आणि डोळे

आता ओठ साबूत असलेल्या एका मुलीची गोष्ट. दोन दिवसांची मुलगी, देखणी. फक्त हनुवटी पाखरासारखी मागे गेलेली. "आमच्या घराण्याची हनुवटीच अशी," असे काकू कौतुकाने सांगत होत्या. उताणी झोपवली की मुलगी घरघरे, छाती आत ओढून घेई आणि निळी पडे. उचलून खांद्यावर घेतली की शांत. घरच्यांनी अर्थ काढला, हिला मांडीची सवय लागली!

वास्तविक काय होत होते? खालचा जबडा लहान असल्यामुळे जिभेला तोंडात जागा नव्हती. उताणे केले की ती मागे पडून श्वासाची वाट अडवीत होती. गर्भातही हेच घडलेले असते. जीभ वेळेवर खाली सरकली नाही, टाळूचे दोन तुकडे तिच्यामुळे जुळू शकले नाहीत आणि मागे कमानीसारखी रुंद फट राहिली. पॅरिसचे दंतवैद्य पिएर रोबँ ह्यांनी १९२३ साली ह्या मुलांकडे वैद्यकाचे लक्ष वेधले. एका दोषातून दुसरा आणि दुसऱ्यातून तिसरा, अशी ही साखळी आहे.

त्या मुलीला आम्ही पालथे झोपवले. जीभ आपल्याच भाराने पुढे आली आणि घरघर निम्म्याने कमी झाली. (निरोगी तान्ह्या मुलांना मात्र उताणेच झोपवावे, पालथे झोपवणे हे ह्या मुलांसाठी आणि तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली.) काहींना नाकातून घशापर्यंत मऊ नळी ठेवावी लागते, थोड्यांच्या जबड्यावर शस्त्रक्रिया करावी लागते. पहिले काही महिने निभावले की जबडा वाढतो, जिभेला जागा मिळते आणि टाळू वर्षाच्या सुमारास शिवता येते. पण त्या पहिल्या महिन्यांत लक्ष गेले नाही, तर "झोपेत गेले" एवढीच नोंद मागे राहते.

गोष्ट इथे संपली नाही. मुलीच्या आईचा चष्मा सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा जाड होता. चौकशी केली तेव्हा कळले, की मावशीचा एक डोळा ऐन तिशीत अचानक गेला आणि आजोबांचे गुडघे चाळिशीतच धरले होते. जबडा, टाळू, डोळे, सांधे ह्यांचा एकमेकांशी काय संबंध, असे कोणालाही वाटेल. संबंध असा, की ह्या सगळ्या जागी शरीराला एकाच जातीचा धागा लागतो. तो धागाच घराण्यात कच्चा असेल तर हे सारे एकत्र दिसते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉक्टर स्टिकलर ह्यांनी असे एक घराणे पाहून १९६५ साली ह्या विकाराचे वर्णन केले. ह्यात डोळ्याच्या आतला पडदा सुटण्याचा मोठा धोका असतो. म्हणून लहान हनुवटी आणि फाटलेली टाळू असलेल्या मुलाचे डोळे नेत्रवैद्याने पहिल्या वर्षातच पाहावेत आणि पुढेही पाहत राहावे. त्या मुलीचे डोळे आज दरवर्षी तपासले जातात. मावशीचे तसे कोणी तपासले नव्हते.

आजीच्या ओठावरची दोन छिद्रे

कधी कधी निदान मुलाच्या अंगावर नसते. ते मुलाला घेऊन आलेल्या माणसाच्या अंगावर असते.

एक बाई नातवाला घेऊन आल्या. नातवाचा ओठ आणि टाळू दोन्ही फाटलेली. सुनेच्या माहेराचा उद्धार चालू होता: "आमच्या सात पिढ्यांत असलं कुणाला न्हाई." बोलता बोलता त्यांनी पदराने तोंड पुसले आणि माझे लक्ष त्यांच्या खालच्या ओठावर गेले. मधोमध, एकमेकांशेजारी, टाचणीने टोचावीत तशी दोन बारीक छिद्रे. "आजी, हे कधीपासून?" "ते व्हय? जल्मापासनंच हाय. माझ्या बापालाबी हुतं. त्यातनं पाणी यायचं त्येच्या." मग मी मुलाच्या वडिलांचा खालचा ओठ पाहिला. तिथेही तीच जोडी.

१९५४ साली अॅन व्हॅन डर वूड ह्या डॉक्टरबाईंनी ह्या छिद्रांचा आणि फाटलेल्या ओठाटाळूचा संबंध दाखवून दिला. २००२ साली त्यामागचे जनुकही सापडले. फाटलेल्या ओठाटाळूच्या दर शंभर मुलांत एखाददुसऱ्याला हा विकार असतो. ज्याच्याजवळ तो आहे त्याच्या प्रत्येक मुलाकडे तो जाण्याची शक्यता निम्मी. एखाद्याला फक्त छिद्रे, एखाद्याचा ओठ फाटलेला, एखाद्याची केवळ टाळू. एकाच घरात तिन्ही प्रकार दिसतात. ह्या मुलांची बुद्धी, हृदय, सारे बहुधा उत्तम असते.

सुनेवरचा खटला तिथेच निकालात निघाला. मी आजीबाईंना एवढेच म्हणालो, "आजी, हा दोष तुमचा नाही, तुमच्या वडिलांचाही नाही. पण सुनेचा तर मुळीच नाही." त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग सुनेच्या मांडीवरून नातू त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतला. ह्या छिद्रांना औषध लागत नाही. पण त्यांच्याकडे पाहिल्यामुळे एका घरातली धुसफूस थांबली आणि पुढच्या मुलाविषयी त्या जोडप्याला खरा आकडा सांगता आला.

ज्यांच्या घराण्यात असे काही नाही आणि मुलालाही दुसरा कोणता दोष नाही, त्यांना पुन्हा असे मूल होण्याची शक्यता साधारण १०० मध्ये ३ ते ५ असते. एका घरी निम्मी शक्यता, दुसऱ्या घरी शंभरात चार. फाटलेला ओठ मात्र दोन्ही घरी सारखाच दिसतो!

गेंगाणा मुलगा

सात वर्षांचा एक मुलगा शाळेच्या तक्रारीवरून माझ्याकडे आला. नाकात बोलतो, मुले चिडवतात, अभ्यासात मागे. बाहेरून पाहता ओठ उत्तम, टाळूही अखंड. पण पडजीभ सापाच्या जिभेसारखी दुभागलेली होती. बोट फिरवल्यावर कळले, की वर कातडीचे अस्तर अखंड आहे, पण आतले स्नायू मधोमध जुळलेलेच नाहीत. झाकलेली फट.

वडिलांनी पिशवीतून कागद काढले. जन्मानंतर आठव्या दिवशी झटके आले होते. रक्तात कॅल्शियम कमी होते. आठव्या महिन्यात मोठ्या शहरात हृदयाचे छिद्र बंद केले होते. दर महिन्याला सर्दीखोकला. झटक्यांचे कागद एका डॉक्टरांचे, हृदयाचे दुसऱ्यांचे, खोकल्याचे तिसऱ्यांचे. प्रत्येकाने आपापले काम चोख केले होते. फक्त हे सगळे कागद एका टेबलावर एकत्र कोणी मांडले नव्हते.

हृदय, कॅल्शियम, टाळू, बोलणे आणि चेहऱ्याची विशिष्ट ठेवण ह्यांना एकत्र आणणारा हा विकार बाविसाव्या गुणसूत्राचा एक बारीक तुकडा गळाल्याने होतो. त्याची एक बाजू डायजॉर्ज ह्यांनी १९६५ साली सांगितली. दुसरी, टाळू आणि हृदयाची, शप्रिन्झेन ह्यांनी १९७८ साली. मला मौज वाटते ती ही, की शप्रिन्झेन हे शल्यविशारद नव्हेत. मुलांचे बोलणे ऐकणे हाच त्यांचा व्यवसाय. मुलाचे ऐकून घेणाऱ्याला जे उमगले ते अनेकांच्या नजरेतून सुटले होते. सुमारे चार हजार जन्मांमागे एक, इतका हा विकार आढळतो. म्हणजे फार दुर्मिळही नव्हे.

नाव कळून काय उपयोग झाला? पुष्कळ झाला. ह्या मुलांच्या घशामागून मेंदूकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी कधी कधी नेहमीच्या जागेवरून मध्याकडे सरकलेली असते. बोलणे सुधारण्यासाठी घशाची शस्त्रक्रिया करणाऱ्याला हे आधी ठाऊक असावयास हवे. कॅल्शियम पुन्हा उतरू शकते, तेव्हा त्यावर नजर हवी. आणि शाळेतला तो मुलगा आळशी नव्हता, त्याला शिकवण्याची रीत वेगळी हवी होती, हे त्याच्या मास्तरांना सांगता आले. शेवटची गोष्ट त्याच्या आईला सर्वांत मोलाची वाटली.

जिथे टाके कामाचे नाहीत

एक कठीण गोष्टही सांगितली पाहिजे. काही मुलांत फट ओठाच्या बाजूला नसून अगदी मधोमध असते. काहींच्या हाताला सहा बोटे, डोळे फार लहान, डोक्याच्या कातडीवर व्रण. अशा वेळी मेंदूच दोन भागांत नीट विभागलेला नसण्याची शक्यता असते. तेराव्या गुणसूत्राची दोनऐवजी तीन प्रती झाल्याने होणारा विकार १९६० साली पाटाऊ ह्यांनी दाखवून दिला. त्यात हे सारे एकत्र येते. ह्या मुलांपैकी फार थोडी पहिला वाढदिवस पाहतात.

अशा एका मुलाचे आईवडील शेत विकून ओठाची आणि टाळूची शस्त्रक्रिया करावयास निघाले होते. गुणसूत्रांचा अहवाल आला तेव्हा मी दोघांना समोर बसवून सारे सांगितले. शेत विकू नका. मुलाला मांडीवर घ्या. दूध पोटात जाईल अशी व्यवस्था करू, त्याला दुखणार नाही असे पाहू. मूल पाच आठवडे जगले. आईने रोज रात्री त्याच्याजवळ पणती लावली. मी तिला कशासाठी असे विचारले नाही. वर्षाने ते जोडपे पुन्हा आले. दोघांचीही गुणसूत्रे तपासली होती, ती ठीक होती, आणि हे पुन्हा होण्याची भीती फार थोडी असे मी सांगू शकलो. त्यांना नंतर मुलगी झाली.

आधीच्या मुलाचे नीट निदान झाले नसते तर ती मुलगी जन्मलीच नसती. भीतीने त्यांनी मूलच होऊ दिले नसते. निदान म्हणजे दर वेळी उपचारच असे नाही. कधी ते माणसांना पुढे चालायला लागणारी जमीन देते.

कारणे कोणती?

हे सारे टाळता येईल का, असा प्रश्न प्रत्येक आई विचारते. खरे उत्तर असे, की पुष्कळ मुलांत एकच एक कारण सापडत नाही; घराण्याचा अंश आणि परिस्थितीचा अंश मिळून हे घडते. परंतु काही गोष्टी ठाऊक आहेत. गर्भारपणात तंबाखूचा धूर घातक. आईचा मधुमेह ताब्यात नसेल तर हृदयाचे आणि ओठाचे दोष वाढतात. फेफऱ्यावरची काही औषधे, विशेषतः व्हॅल्प्रोएट, गर्भाला अपाय करतात. पण म्हणून आपल्या मनाने औषध बंद करू नये, कारण फेफरे आले तर आई आणि मूल दोघेही धोक्यात. दिवस राहण्याच्या आधीच डॉक्टरांना भेटून औषध बदलून घ्यावे आणि फॉलिक ॲसिडची गोळी तेव्हापासूनच सुरू करावी. मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी लग्न करण्याची आपल्याकडे काही समाजांत चाल आहे. नात्यातल्या लग्नाने काही दुर्मिळ विकारांचा संभव वाढतो, हेही ध्यानात ठेवावे.

डॉक्टरांना काय विचाराल?

'स्माईल पिंकी' नावाच्या माहितीपटाला २००९ साली ऑस्कर मिळाले आणि फाटलेला ओठ शिवता येतो, तोही फुकट, ही गोष्ट खेडोपाडी पोचली. फार मोठे काम झाले. पण भिंतीवरच्या चित्रात शस्त्रक्रियेआधीचा एक चेहरा आणि नंतरचा एक चेहरा, एवढेच दिसते. कान, हृदय, डोळे चित्रात येत नाहीत.

तेव्हा असे मूल घरात जन्मले, तर पुढील प्रश्न विचारायला संकोच करू नका.

एक, तोंडाच्या आत उजेड पाडून टाळू आणि पडजीभ पाहिली का?

दोन, हृदय तपासले का? नुसती नळी लावून भागत नसेल तर सोनोग्राफी केली का?

तीन, ऐकू येते का, हे यंत्राने पाहिले का? टाळू फाटलेल्या जवळजवळ सर्व मुलांच्या कानात पडद्यामागे चिकट पाणी साचते, कारण कानाची वाट उघडणारा स्नायू टाळूतच असतो. मूल उशिरा बोलते ते पुष्कळदा टाळूमुळे नव्हे, तर कमी ऐकू येते म्हणून.

चार, हनुवटी लहान आहे का? झोपेत श्वास अडतो का? डोळे दाखवले का?

पाच, हातापायांची बोटे, पाठीचा कणा, कानांची ठेवण पाहिली का? आईवडिलांचे आणि आजीआजोबांचे ओठ कोणी पाहिले का?

सहा, एकापेक्षा अधिक दोष सापडले तर गुणसूत्रांची तपासणी कुठे होईल?

ह्या कामासाठी पैसे नाहीत म्हणून अडू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच महाराष्ट्रात, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरला झाली. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार सरकारी खर्चाने व्हावेत, ही त्यातली योजना. तिच्या यादीत जन्मजात दोष नऊ आहेत. त्यांत फाटलेला ओठ आणि टाळू आहेच. पण जन्मजात हृदयविकार, बहिरेपणा आणि मोतीबिंदूही आहेत. गावातल्या आशाताईला विचारा. जिल्ह्याच्या ठिकाणी ह्या मुलांसाठी केंद्र असते, तिथे ती वाट दाखवील.

यादीतले हे नऊ दोष नऊ वेगवेगळ्या ओळींत छापलेले आहेत. मुलाच्या अंगी ते कधी कधी दोन-तीन एकत्र येतात. म्हणून एक सापडला की यादी खाली ठेवू नये, शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी. ओठ शिवायला चांगला शल्यविशारद लागतो. बाकीचे मूल पाहायला मात्र बॅटरी, दोन मोकळे कान आणि अर्धा तास एवढे पुरते. आणि तो अर्धा तास मागून घेण्याचा हक्क प्रत्येक आईला आहे.